एकाच कॅन्सरला वेगवेगळी औषधं का?

स्तनाचा कॅन्सर झालेल्या दोन बायका एकाच ओपीडीत दाखवायला येतात. वय जवळपास सारखं, गाठही साधारण तेवढीच. एकीला डॉक्टर आठ केमो लिहून देतात आणि केस जातील, अशक्तपणा येईल, हे आधीच सांगून ठेवतात. दुसरीला ऑपरेशननंतर रोज एक गोळी, किमान पाच वर्षं. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांत कुजबुज सुरू होते. तिचं गोळीवर भागतंय, मग हिला केमोचा जाच कशाला? आणि कुणीच मोठ्यानं न बोललेली शंका: हे पैशांसाठी तर नाही ना?

ही शंका येणं स्वाभाविक आहे, कारण बहुतेक ठिकाणी रुग्णाला औषधाचं नाव सांगतात, त्यामागचं कारण सांगत नाहीत. कारण समजायला अवघड आहे असंही नाही. कॅन्सरची पेशी आणि आपली निरोगी पेशी यांच्यात कुठे ना कुठे फरक असतो, आणि औषध त्या फरकावर बोट ठेवतं. काही कॅन्सरमध्ये हा फरक ठळक असतो, काहींत अगदी पुसट. कुणाला काय द्यायचं, किती द्यायचं, मधे किती दिवस थांबायचं, हे सगळं त्यावरून ठरतं.

पेशी आपलीच, म्हणून औषध अवघड

घसा दुखला की आपण अँटिबायोटिक घेतो आणि त्यानं आपले केस जात नाहीत. जंतूची पेशी आपल्या पेशीपेक्षा फार वेगळी असते. पेनिसिलिन जंतूच्या पेशीभोवतीची भिंत बनू देत नाही. आपल्या पेशींना ती भिंतच नाही, त्यामुळे पेनिसिलिनला आपल्याकडे मोडण्यासारखं काही सापडत नाही.

कॅन्सरची पेशी मात्र बाहेरून आलेली नसते. आपल्याच एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये बिघाड साठत जातात आणि ‘आता वाढ थांबव’ हा निरोप ती ऐकेनाशी होते. बाकी तिचा बहुतेक सगळा कारभार शेजारच्या निरोगी पेशीसारखाच चालतो. तिला मारेल ते औषध शेजारणीलाही मारू शकतं. गेली सुमारे ऐंशी वर्षं जगभरातले संशोधक या एका अडचणीशी झुंजत आहेत.

मुंबईच्या गिरणीतून बॉस्टनपर्यंत

पहिला वापरण्याजोगा फरक सापडला तो वेगाचा. कॅन्सरच्या पेशी थांबायचं नाव घेत नाहीत, सारखं विभाजन चालू. दर विभाजनाआधी पेशीला आपल्या डीएनएची अख्खी दुसरी प्रत तयार करावी लागते. ते काम अडवलं तर सारख्या विभागणाऱ्या पेशींना त्याचा सगळ्यात जास्त फटका बसेल, हा तर्क.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब, गरोदर बायकांना एक विशिष्ट प्रकारचा गंभीर ॲनिमिया होत होता, त्याचा त्या अभ्यास करत होत्या. यीस्टपासून बनवलेलं मार्माइट दिलं की या बायकांचं रक्त सुधारतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यातला गुणकारी घटक पुढे वेगळा काढला गेला. तेच आज प्रत्येक गरोदर बाईला दिलं जाणारं फॉलिक ॲसिड. पेशीला डीएनए बनवायला ते लागतंच.

पुढे बॉस्टनमध्ये लहान मुलांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, काम करणारे डॉक्टर सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की फॉलिक ॲसिड दिलं की या मुलांचा आजार उलट भडकतोय. मग तेच तोडलं तर? अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत भीमवरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी फॉलिक ॲसिडसारखीच दिसणारी, पण काम न करणारी रसायनं तयार करत होते. पेशी फसून ती आत घेते आणि तिचं डीएनए बनवणारं यंत्र अडकून पडतं. १९४७च्या अखेरीस फार्बर यांनी असं एक रसायन मुलांना दिलं. पुढच्या वर्षी त्यांनी १६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली, त्यांतली १० सुधारली होती. ही सुधारणा काही महिन्यांचीच ठरली आणि आजार परतला. पण मुलांचा हा ल्युकेमिया औषधानं मागे हटू शकतो, हे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही देशातल्या जवळपास प्रत्येक कॅन्सर रुग्णालयात रोज वापरलं जातं. सुब्बाराव यांचं नाव मात्र आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असायला हवं तेवढं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अशा, पेशीच्या विभाजनावर घाव घालणाऱ्या औषधांना मिळून आपण केमोथेरपी किंवा नुसतं केमो म्हणतो. काही औषधं डीएनए बनू देत नाहीत. काही बनलेल्या डीएनएला चिकटून त्याचे धागे एकमेकांना जखडतात. सिस्प्लॅटिन त्यांतलंच. बार्नेट रोझेनबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६५ साली विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतूंचं विभाजन थांबलं, पण त्याचं कारण वीज नव्हतं. तारांच्या टोकाला लावलेलं प्लॅटिनम विरघळून पाण्यात उतरलं होतं. त्यातून आलेल्या या औषधामुळे वृषणाचा कॅन्सर शरीरभर पसरलेला असतानाही बहुतेक तरुण आज पूर्ण बरे होतात.

सदाफुली, नरक्या आणि ‘मग काढाच का घेऊ नये?’

केमोची कितीतरी औषधं झाडांतून आली आहेत. कुंडीत, अंगणात, देवळाच्या आवारात फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन मिळतात. पेशी दुभंगताना तिच्यात बारीक धागे तयार होतात आणि ते गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. व्हिन्क्रिस्टिन ते धागे बनूच देत नाही.

याच्या नेमकं उलट वागणारं औषध पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून ते शोधून काढणाऱ्या दोघांपैकी एक होते मनसुख वाणी. १९२५ साली नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९७१ साली या रेणूची रचना प्रसिद्ध केली. ते काम कसं करतं, हे १९७९ साली सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं: पॅक्लिटॅक्सेलमुळे ते धागे बनतात, पण काम झाल्यावर सुटत नाहीत. धागे बनलेच नाहीत काय आणि सुटलेच नाहीत काय, पेशीचं विभाजन अर्ध्यावर अडकतं आणि ती मरते.

वॉल आणि वाणी यांच्या चमूनं त्याआधी, १९६६ साली, एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं. डीएनएला पडलेला पीळ सोडवायला पेशी त्याचा धागा कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन जोडणीच्या वेळी आडवं येतं. आतड्याच्या कॅन्सरला दिलं जाणारं इरिनोटेकन त्यापासूनच बनतं. हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असतं, आणि त्यासाठी नरक्याची चोरटी तोड इतकी झाली की ते झाड धोक्यात आलं.

इथे हमखास प्रश्न येतो: औषध झाडातलंच आहे, तर सदाफुलीचा रस किंवा एखादा काढा का घेऊ नये? शेकडो किलो वाळलेल्या पानांतून व्हिन्क्रिस्टिन जेमतेम ग्रॅमभर निघतं. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारणपणे २ मिलिग्रॅमच्या वर ते देत नाहीत, कारण त्यापुढे हातापायांच्या नसा आणि आतडं लुळं पडण्याचा धोका वाढतो. पानांच्या रसात हे किती आहे, शिवाय इतर डझनावारी द्रव्यं किती आहेत, हे कुणालाच सांगता येत नाही. पोटातून घेतल्यावर त्यातलं रक्तात किती उतरेल याचाही भरवसा नाही. एवढ्या धारदार औषधाला मापाशिवाय हात लावू नये. आणि केमो चालू असताना एखादा काढा घेतच असाल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. अनेक औषधं यकृतातच फोडली जातात आणि काढ्यातलं एखादं द्रव्य तिथे मधे आलं तर औषधाची मात्रा नकळत दुप्पट झाल्यासारखं होऊ शकतं.

एकवीस दिवसांचा हिशोब

वेग हा फरक पुसट आहे, कारण आपल्या शरीरातही काही पेशी सतत विभागत असतात. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, आणि हाडांतली मज्जा, जिथे रक्त तयार होतं. म्हणून केस गळतात, तोंड येतं, जुलाब होतात आणि रक्तातल्या पेशींचे ‘काउंट’ पडतात. हे औषध चुकल्याचं लक्षण नाही, तसंच केस गेले नाहीत म्हणजे औषध लागू पडलं नाही, असंही नाही.

पण मज्जेत आणि कॅन्सरच्या गाठीत एक फरक असतो. मज्जेच्या मूळ पेशी बऱ्याचशा शांत बसून असतात आणि घाव बसल्यावर पटकन उठून नवं रक्त बनवतात. गाठीला तेवढ्या झपाट्यानं सावरता येत नाही. उभ्या पिकात असं तणनाशक मारावं लागलं की ज्यानं पीकही पिवळं पडतं, तर शेतकरी काय करतो? पीक सावरेपर्यंत थांबतो आणि तण पुन्हा डोकं काढायच्या आत दुसरी फवारणी करतो. घाई केली तर पीक जातं, उशीर केला तर तण माजतं. केमोच्या दोन सायकलींमधलं, म्हणजे दोन फेऱ्यांमधलं, अंतर याच हिशोबानं ठरतं, आणि अनेक औषधांसाठी ते एकवीस दिवस येतं.

त्या एकवीस दिवसांत काय होतं? तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे त्या लगेच कमी होत नाहीत. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं आयुष्य मात्र काही तासांचं ते फार तर काही दिवसांचं. मज्जेतून नवा पुरवठा थांबला की आधी त्याच संपतात. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सगळ्यात खाली असतात आणि एकविसाव्या दिवसापर्यंत बहुधा पूर्ववत होतात. म्हणूनच प्रत्येक सायकलीआधी रक्त तपासतात. न्यूट्रोफिल साधारण १५०० च्या खाली असतील तर अनेकदा सांगतात, ‘आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या.’ गावाहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल ते समजू शकतं. पण त्या दिवशी औषध दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. शक्य असेल तिथे रक्त आदल्या दिवशी गावाजवळच तपासून घेता येईल का, हे जरूर विचारा. बरीच रुग्णालयं तो रिपोर्ट चालवून घेतात.

याच मधल्या दिवसांत ताप आला, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, तर ती इमर्जन्सी आहे. घरच्या घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी नसताना शिरलेला जंतू काही तासांत रक्तभर पसरू शकतो. शिरेतून अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर बहुतेक जण यातून बरे होतात. केमोदरम्यानचे बरेच मृत्यू या एका गोष्टीत उशीर झाल्यानं होतात.

गाठ दिसेनाशी झाली, मग उरलेल्या केमो कशाला?

हा प्रश्न दर दुसरा रुग्ण विचारतो, आणि तो मनात धरून उपचार अर्ध्यावर सोडणारेही पुष्कळ आहेत. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात. औषध दर वेळी ठरावीक संख्या मारत नाही, ते ठरावीक हिस्सा मारतं. समजा एका सायकलीत ९९ टक्के पेशी मेल्या, तर १ कोटी उरल्या. एवढी गाठ दोन-तीन मिलिमीटरची, स्कॅनमध्ये कदाचित दिसायचीही नाही. दुसऱ्या सायकलीनंतर १ लाख, तिसऱ्यानंतर १ हजार, चौथ्यानंतर १०. प्रत्यक्षात इतका सरळ हिशोब नसतो, मधल्या काळात काही पेशी पुन्हा वाढतात, पण दिशा हीच. रिपोर्ट स्वच्छ आल्यावर थांबणं म्हणजे कोटीभर पेशी आत ठेवून थांबणं.

शिवाय एवढ्या कोटींत काही पेशी त्या औषधाला आधीपासूनच दाद न देणाऱ्या असतात. म्हणून वेगवेगळ्या जागी घाव घालणारी दोन-चार औषधं एकत्र देतात. टीबीला सुरुवातीला चार औषधं एकदम देण्यामागे हाच विचार आहे.

डे-केअरच्या खुर्चीत

औषधाचा डोस उंची आणि वजन यांवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. १.६ चौरस मीटर आलेल्या बाईला डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम या दरानं ९६ मिलिग्रॅम मिळतं. वजन दर वेळी का करतात, याचं हे कारण. हे डॉक्सोरुबिसिन म्हणजेच रुग्णांच्या तोंडचं ‘लाल औषध’. त्यानंतर एक-दोन दिवस लघवीला लालसर होतं. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो.

लाल औषध देताना नर्स आधी सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढते. नळीत रक्त आलं म्हणजे सुई शिरेतच आहे. मग हळूहळू औषध सोडते, मधेच थांबून पुन्हा तेच बघते. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी आणि खालचा भाग जळतो आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. औषध जाताना सुईपाशी आग झाली, टोचलं, सूज आली तर ‘सहन करते थोडं’ म्हणायचं नाही, त्या क्षणी हाक मारायची. बारीक शिरांच्या लोकांना छातीच्या कातडीखाली पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेला जोडलेली छोटी डबी, बसवतात ती याचसाठी.

डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करतं आणि तो परिणाम साठत जातो. त्यामुळे आयुष्यभराची मर्यादा ठरलेली आहे, चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. चार सायकलींत २४० होतात. सुरुवातीला टूडी इको करायला सांगतात ते हृदयाची ताकद बघायला. दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर आधी हे औषध किती मिळालंय, हे तिथे कळलंच पाहिजे, म्हणून ती फाइल जन्मभर जपायची.

बाकीचे सोपस्कारही असेच सकारण असतात. सिस्प्लॅटिन किडनीला त्रास देतं म्हणून आधी-नंतर तासन् तास सलाईन. पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी येऊ शकते म्हणून आधी एव्हिल आणि स्टेरॉइड. उलट्यांसाठी आता तीन-चार प्रकारची औषधं एकत्र देतात, त्यामुळे ऐंशीच्या दशकात लोकांनी ज्या अखंड उलट्या पाहिल्या, तशी वेळ आता फार थोड्यांवर येते. तरीही होत असतील तर सांगा, कारण पुढच्या सायकलीला औषध बदलता येतं.

बाकावरच्या कुजबुजीचं उत्तर

आता त्या दोन बायका. बायोप्सीचा तुकडा आयएचसी नावाच्या तपासणीला जातो. पेशीच्या आत आणि पृष्ठभागावर कोणती प्रथिनं आहेत, ते त्यात रंग देऊन पाहतात. स्तनाच्या अनेक कॅन्सरना वाढायला स्त्रीचं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन लागतं. इस्ट्रोजेन पेशीत ज्या ठिकाणी बसतं ती जागा आधीच अडवणारी गोळी म्हणजे टॅमॉक्सिफेन. दुसरीचा कॅन्सर या जातीचा, हळू वाढणारा, आणि काखेतल्या गाठी स्वच्छ. तिच्यात केमोनं फार थोडा फायदा झाला असता, गोळीनं मोठा. पहिलीच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेनची जागा नाही, प्रोजेस्टेरॉनची नाही, हर-टू हे प्रथिनही नाही. याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तिथे ही गोळी दिली असती तर तिला पकडायला काहीच सापडलं नसतं. अशा कॅन्सरमध्ये मुख्य हत्यार अजून केमोच आहे, काहींना जोडीला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारे उपचार, देतात. हर-टू असतं त्यांना ट्रास्टुझुमॅब हे १९९८ साली मान्यता मिळालेलं इंजेक्शन मिळतं, जे थेट त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं.

नेमका बिघाड हेरून केलेल्या अशा औषधांना टार्गेटेड थेरपी म्हणतात. तिचा सर्वात चोख नमुना इमॅटिनिब. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात आणि एक सतत ‘वाढ’ म्हणणारं प्रथिन तयार होतं. निरोगी पेशींत ते प्रथिन नसतंच. इमॅटिनिब त्यालाच बंद पाडतं. २००१ साली ते बाजारात आलं. त्याच्या मूळ चाचणीत ज्यांना ते सुरुवातीपासून मिळालं त्यांतले ८३ टक्के दहा वर्षांनंतर हयात होते. याआधी या आजारात माणूस बहुधा काही वर्षांतच जायचा.

याच औषधावरून भारतात मोठा खटला झाला. नोव्हार्टिसनं त्याच्या सुधारित रूपासाठी मागितलेलं पेटंट १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नाकारलं. तेव्हा कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडायचे आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाला ८ ते १० हजार. जेनेरिक म्हणजे कमअस्सल, असं समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की रेणू तोच असतो. नावाजलेल्या सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं हीच औषधं चालतात.

गोळी म्हणजे सौम्य, हा समजही सोडायला हवा. टॅमॉक्सिफेननं क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. इमॅटिनिब अंगाला सूज आणतं. आणि घरी घ्यायच्या गोळ्यांचा सर्वात मोठा धोका म्हणजे बरं वाटायला लागलं की त्या बंद होतात.

इम्युनोथेरपी सगळ्यांनाच का देत नाहीत?

आपल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, कॅन्सरला ओळखू शकतात, पण त्यांच्यावर ब्रेक असतो, आणि कॅन्सर तो दाबून धरतो. ब्रेक सोडवणारी इंजेक्शनं २०११ पासून वापरात आली, त्यामागच्या शोधासाठी २०१८ चं नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना मिळालं. काही रुग्णांत परिणाम वर्षानुवर्षं टिकतो. अनेकांत काहीच होत नाही, कारण त्यांच्या गाठीत टी-पेशी पोहोचलेल्याच नसतात. शिवाय ब्रेक सुटलेल्या पेशी थायरॉइड, आतडं, फुप्फुस यांवरही उलटू शकतात. आणि किंमत लाखांत.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किमतीच्या या अडचणीवर झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. तोंड आणि घशाचा पसरलेला कॅन्सर आपल्याकडे तंबाखूमुळे घरोघरी पोहोचला आहे. तिथल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तुलनेनं स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला निवोलुमॅब हे ब्रेक सोडवणारं इंजेक्शन जोडलं, पण दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांतले १६.३ टक्के एका वर्षानंतर जिवंत होते, तर इंजेक्शनसह ४३.४ टक्के. पूर्ण डोसशी तुलना या चाचणीत नव्हती, त्यामुळे दोन्ही सारखेच आहेत असा अर्थ काढता येत नाही. पण ज्याला पूर्ण डोस कधीच परवडणार नव्हता, त्याच्यासाठी हा आकडा फार मोठा आहे.

आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या संशोधनातून आलेली नेक्सकार-१९ ही सीएआर-टी थेरपी याच्या पुढची पायरी. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. सध्या ती रक्ताच्या काही ठरावीक कॅन्सरसाठी, बाकी उपाय थकल्यावरच वापरली जाते.

‘माणूस केमोनंच जातो’

असं बोलणाऱ्यांनी बहुधा एखादं शेवटच्या टप्प्यातलं माणूस पाहिलेलं असतं. केमोनं कुणी दगावतच नाही असं नाही, थोडेजण दगावतात, मुख्यतः जंतुसंसर्गानं. पण केमो तीन अगदी वेगळ्या कारणांसाठी दिलं जातं आणि ती एकात एक मिसळली की गैरसमज होतो. मुलांच्या ल्युकेमियात ते बरं करायला देतात आणि चांगल्या केंद्रात उपचार पुरे केलेली बहुतेक मुलं बरी होतात. ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर देतात ते गाठ लहान करायला किंवा न दिसणाऱ्या पेशी संपवायला. आणि पसरलेल्या कॅन्सरमध्ये देतात ते बहुतेक वेळा त्रास कमी करायला आणि आयुष्य काही महिने, कधी काही वर्षं वाढवायला. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: डॉक्टर, हे औषध बरं करण्यासाठी आहे की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? उपयोग होतोय की नाही हे कधी आणि कशावरून कळेल? नाही झाला तर पुढे काय?

दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात जातोय, अशा अवस्थेत केमोचा फायदा झपाट्यानं घटतो आणि त्रास वाढतो. तेव्हा डॉक्टर ‘थांबूया’ म्हणाले की घरच्यांना वाटतं, यांनी हात वर केले. वेदना, दम आणि मनाचा ताण यांवरच्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ते शेवटी नव्हे, सुरुवातीपासून मिळायला हवेत. २०१० साली बॉस्टनमधल्या एका अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर दिलं. अखेरच्या काळात त्यांनी जहाल उपचार इतरांपेक्षा कमी घेतले. तरीही त्यांतले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात हाच आकडा ८.९ महिने.